यंत्र संस्थेचे, मजकूर कोणाचा?

गावात दूरध्वनी मोजकेच होते, तेव्हा अनेक माध्यमिक शाळांत मुख्याध्यापकांच्या टेबलावर फोनशेजारी एक वही असे. शिक्षकाने खाजगी फोन केला, तर त्या वहीत तारीख, क्रमांक, मिनिटे आणि रक्कम लिहायची आणि महिनाअखेर पैसे भरायचे, अशी रीत होती. फोन शाळेचा, बिलही शाळेच्या नावाने येणारे. तेव्हा कोण किती वेळ बोलले हे विचारण्याचा अधिकार शाळेला आहे, याबद्दल कोणाचा वाद नव्हता. पण ‘काय बोलणे झाले’ असा रकाना त्या वहीत नसे. तो असावा असे कोणाच्या मनातही येत नसे.

संगणकाने ही वही आणि ते बोलणे एकाच पेटीत आणून ठेवले. शाळेच्या कार्यालयातील संगणकावर सकाळी शालार्थ प्रणालीत वेतनाची माहिती भरली जाते, दुपारी विद्यार्थ्यांच्या नोंदी होतात, आणि मधल्या सुटीत तिथेच एखाद्या शिक्षिकेने आपली ई-मेल उघडून रक्ततपासणीचा अहवाल पाहिलेला असतो. कोणी बदलीचा अर्ज लिहिलेला असतो, तर कोणी मुख्याध्यापकांविरुद्धच्या तक्रारीचा कच्चा खर्डा केलेला असतो. यंत्र शाळेचे, वीज शाळेची, इंटरनेटही शाळेचे. मग तो अहवाल, तो अर्ज, तो खर्डा कोणाचा?

सातारा-सांगलीच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. या भागात अनेकांनी पहिल्यांदा हात लावला तो संगणक घरचा नव्हताच. तो साखर कारखान्याचा, दूध संघाचा, बँकेचा किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतला होता. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तोही तेथील सहकारी संस्थांच्या आधाराने. संगणक ही संस्थेची वस्तू आणि आपण तिच्यापुढे बसणारे, हे गृहीतच होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चित्र उलटे झाले. पुण्यात हिंजवडीला, खराडीला काम करणारी मुलेमुली कंपनीचा लॅपटॉप पाठीवर टाकून कराड, फलटण, तासगाव, विट्याला घरी परतली. घरून काम करता यावे म्हणून दूरसंचार खात्याने आपले नियम सैल केले. कंपनीची वस्तू आता माजघरात आली. ज्या घरात दुसरा संगणक नव्हता, तिथे त्याच लॅपटॉपवर धाकट्या भावाचा ऑनलाइन तास, आजोबांच्या पेन्शनची चौकशी आणि घरच्या बँक खात्याचे व्यवहारही होऊ लागले. ते सारे कोणाच्या नजरेखालून जात होते, हे किती जणांनी विचारले असेल?

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. मालकाला काय दिसू शकते, हा तंत्रज्ञानाचा भाग. त्याने काय पाहावे, हा कायद्याचा आणि रीतीभातीचा. पहिला भाग समजल्याशिवाय दुसऱ्यावर नुसती मतामतांची देवाणघेवाण होते, म्हणून आधी पहिला घेऊ.

तीन ठिकाणे, तीन धनी

समजा, शाळेच्या संगणकावर बसून आपण एक पत्र लिहिले आणि पाठवले. त्या पत्राचा संबंध तीन ठिकाणांशी येतो. ज्यावर लिहिले ते यंत्र, ज्यातून गेले ते जाळे, आणि जिथे जाऊन साठवले गेले तो दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर. तिन्ही ठिकाणचे धनी वेगळे असू शकतात, आणि प्रत्येकाला दिसणारे चित्र वेगळे असते.

यंत्रापासून सुरुवात करू. संगणकावर प्रत्येकाला वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड दिला, तरी एक खाते सर्वांवर असते, ते म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे. वसतिगृहाच्या रेक्टरकडे प्रत्येक खोलीच्या किल्लीचा जोड असतो, तसेच हे. हे खाते ज्याच्या हाती, त्याला इतरांच्या खात्यातील फाइल्स सहसा उघडता येतात. शिवाय कोणी मुद्दाम पाळत ठेवली नाही, तरी यंत्र स्वतःहून बऱ्याच नोंदी ठेवते. कोणते खाते किती वाजता उघडले, कोणता पेनड्राइव्ह जोडला, अलीकडे कोणत्या फाइल्स उघडल्या, कोणती संकेतस्थळे पाहिली. या नोंदी मूळात यंत्र बिघडले तर कारण शोधण्यासाठी असतात. फोनशेजारच्या वहीसारख्याच त्या आहेत, फरक एवढाच की त्या भरण्यासाठी आपल्याला पेन उचलावे लागत नाही.

‘मी ती फाइल पुसून टाकली’ असे म्हणून अनेकजण निश्चिंत होतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसणे म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचे नाव खोडणे. धड्याची पाने जागेवरच असतात आणि त्यांवर दुसरे काही छापले जाईपर्यंत वाचता येतात. नव्या सॉलिड स्टेट डिस्क अशी रिकामी ठरलेली पाने मागाहून स्वतःच कोरी करतात, त्यामुळे तिथे मजकूर परत मिळवणे अवघड असते. पण संस्थेच्या यंत्रावरील फाइल्सची प्रत अनेकदा रोज रात्री सर्व्हरवर घेतली जाते. मग आपण इकडे पुसलेले तिकडे शाबूत असते.

याच्या पुढची पायरी म्हणजे मुद्दाम बसवलेली पाळत-प्रणाली. ती ठरावीक वेळाने पडद्याचे छायाचित्र घेते, कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपते, माउस किती वेळ हलला नाही हेही मोजते. हे किती स्वस्त झाले आहे याचा हिशेब वर्गात मांडण्याजोगा आहे. दर ५ मिनिटांनी एक छायाचित्र धरले, तर ८ तासांत ९६ आणि २५ दिवसांत २४०० छायाचित्रे होतात. एका छायाचित्राला २०० किलोबाइट जागा धरली, तर एका माणसाचा महिना ४८० मेगाबाइटमध्ये मावतो आणि १०० माणसांचा ४८ गिगाबाइटमध्ये, म्हणजे खिशातल्या एका पेनड्राइव्हवर. कळांचा हिशेब तर याहून बोलका आहे. दिवसाला २०,००० कळा दाबल्या आणि एका कळेला एक बाइट धरला, तर कामाच्या २५० दिवसांत ५० लाख बाइट, म्हणजे सुमारे ५ मेगाबाइट होतात. एका माणसाने वर्षभर लिहिलेले आणि खोडलेलेसुद्धा सगळे, मोबाइलवरच्या एखाद-दुसऱ्या फोटोएवढ्या जागेत. शंभर कारकुनांमागे शंभर मुकादम उभे करणे कोणत्याही गिरणीला परवडले नसते. आज खर्चाची ती अडचण उरलेली नाही, म्हणून पाळत किती ठेवायची हे आता कोणीतरी विचारपूर्वक ठरवावे लागते.

दुसरे ठिकाण जाळ्याचे. पोस्टकार्ड आणि पाकीट यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. आजची बहुतेक संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ या पद्धतीने पाकिटात घालून मजकूर पाठवतात. वाटेवरच्या माणसाला आतले वाचता येत नाही, पण पाकिटावरचा पत्ता सहसा दिसतो. म्हणजे शाळेच्या वाय-फायचा सांभाळ करणाऱ्याला आपण कोणत्या बँकेचे संकेतस्थळ किती वाजता उघडले हे कळू शकते, खात्यात किती शिल्लक आहे ते कळत नाही.

मात्र यंत्रही संस्थेचे असेल, तर एक वेगळी शक्यता निर्माण होते. पाकीट खरोखर बँकेचेच आहे हे ओळखण्यासाठी आपला संगणक एक डिजिटल प्रमाणपत्र तपासतो, आणि कोणाच्या सहीची प्रमाणपत्रे ग्राह्य धरायची याची यादी यंत्रातच असते. संस्थेने त्या यादीत आपले स्वतःचे नाव घातले, तर मधला सर्व्हर पाकीट उघडून, वाचून, नव्या पाकिटात घालून पुढे धाडू शकतो. पडद्यावर सुरक्षिततेचे चिन्ह तसेच दिसत राहते. मोठ्या कंपन्या विषाणू आणि माहितीची चोरी पकडण्यासाठी हे करतात. त्यात लपवाछपवी असतेच असे नाही, पण आपले पाकीट बंद आहे असे समजणारा कर्मचारी मात्र फसतो.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. ब्राउझरची ‘गुप्त’ खिडकी उघडली की आपण अदृश्य होतो, हा पहिला. त्या खिडकीमुळे ब्राउझर आपला इतिहास त्या यंत्रावर ठेवत नाही, इतकेच. जाळ्यावरच्या नोंदी आणि पाळत-प्रणाली यांना तिचा काही अडथळा होत नाही. दुसरा गैरसमज व्हॉट्सॲपबद्दलचा. २०१६ पासून त्यावरचे संदेश पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद असतात हे खरे. पण तेच व्हॉट्सॲप कार्यालयातल्या संगणकावर उघडले, की कुलुपाचे एक टोक त्या संगणकात येते. पत्र पाकिटात घालण्यापूर्वीच कोणी खांद्यावरून वाचत असेल, तर पाकीट कितीही जाड असून काय उपयोग?

राहिले तिसरे ठिकाण. संस्थेने दिलेली ई-मेल संस्थेच्या नावाने असते, आणि तिचा ॲडमिनिस्ट्रेटर ती उघडू शकतो किंवा तिची प्रत काढू शकतो. आपले खाजगी खाते दुसऱ्याच्याच सर्व्हरवर असते. त्याची किल्ली फक्त आपल्याकडे. पण किल्ली फिरवून दार उघडले आणि तसेच ठेवून तासाला निघून गेलो, तर? या ‘तर’वरून कॅनडात मोठा खटला झाला. त्याकडे पुढे येऊ.

नोंद खात्याची, माणसाची नव्हे

नोंदींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर माणसांच्या नोकऱ्या अवलंबून असतात. ‘दुपारी २ वाजून १० मिनिटांनी अमुक खात्यातून तमुक फाइल पाठवली गेली’ असे यंत्र सांगते. ती कोणी पाठवली, हे ते सांगत नाही. अनेक शाळांत कार्यालयाचा पासवर्ड लिपिक, मुख्याध्यापक आणि संगणक येणारे एखादे तरुण शिक्षक अशा तिघाचौघांना ठाऊक असतो. कधी तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असतो. अशा ठिकाणी नोंद म्हणजे कागदावर उमटलेला शिक्का. शिक्का कोणाचा ते दिसते, दाबणारा हात दिसत नाही.

साताऱ्याच्या वाचकांना येथे छत्रपती प्रतापसिंह महाराज आठवतील. १८३९ मध्ये त्यांना गादीवरून दूर करण्यात आले, ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार केल्यासारख्या आरोपांवरून. पुराव्यात कागद होते, शिक्के होते. ते बनावट असल्याचे आणि रीतसर चौकशी व्हावी असे महाराजांच्या पक्षाचे म्हणणे होते. तशी खुली चौकशी झाली नाही. दोष कबूल करून गादी राखण्याचा मार्ग पुढे ठेवला गेला, तो महाराजांनी नाकारला. रंगो बापूजी गुप्ते यांनी या अन्यायाची दाद मागण्यासाठी लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षे काढली. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले. (तीही एक कंपनीच होती, हे ओघाने आठवते.) कागद ज्याच्याविरुद्ध वापरायचा, त्याला तो आधी दाखवावा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही अपेक्षा संगणकाच्या नोंदीलाही तितकीच लागू आहे. किंबहुना जास्तच, कारण संगणकाच्या नोंदीला शाई पुसट झाल्याची खूणही नसते.

पासवर्ड वाटून घेण्यातली ही बाजू कायद्यानेही गंभीर मानली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमानुसार गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मालकाची बाजू

मालक पाळत ठेवतो तो नेहमी संशयी स्वभावामुळेच, असे समजणे बरोबर नाही. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या चार अमेरिकी ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवल्याचे उघडकीला आले. ग्राहकांचे गुप्त क्रमांक त्यांनी कामाच्या ओघात, बोलण्याबोलण्यात काढून घेतले होते. त्यानंतर अशा ठिकाणी दारातच मोबाइल आणि पेन काढून घेण्याची पद्धत रूढ होत गेली. ज्या संस्थेकडे हजारो लोकांची माहिती आहे, तिने आपल्या यंत्रांवर लक्ष ठेवलेच पाहिजे. शाळेचेही तेच आहे. शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांची जात, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते अशी माहिती असते. तिची प्रत कोणी पेनड्राइव्हवर नेली का, हे शाळेला कळू नये असे कोण म्हणेल?

अडचण येते ती यंत्राच्या रक्षणासाठी ठेवलेली नजर माणसाच्या कामाची मोजपट्टी बनते तेव्हा. माउस हलला नाही म्हणजे माणूस रिकामा, असे प्रणाली धरून चालते. त्या हिशेबाने संगणकाशेजारी बसून लाल पेनाने चाळीस वह्या तपासणारे शिक्षक दिवसभर निष्क्रिय ठरतील. अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत मोजमाप आणि काम यांतली ही दरी सर्व महाराष्ट्राने पाहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन कमी क्षमतेचे, वारंवार बिघडणारे, दुरुस्तीचा भार सेविकांवर, आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. मुलाला वजनकाट्यावर ठेवणे हे काम, पण हिशेबात धरली जाणार ती फोनवर भरलेली नोंद. मग सरकारी ॲप स्वतःच्या फोनवर घालावे का, हा पुढचा प्रश्न आला, आणि तो शिक्षकांपर्यंतही पोचला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यार्थ्यांची हजेरी ‘स्विफ्ट चॅट’ या ॲपवर भरण्यास सांगितले गेले, तेव्हा ती भरायची कोणाच्या फोनवरून, हा प्रश्न शाळाशाळांतून विचारला गेला. येथे यंत्र आपले आणि मजकूर सरकारचा. आपण घेतलेल्या उदाहरणाची ही आरशातली प्रतिमा म्हणता येईल.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडचा जुना कायदा यंत्राच्या धन्याकडे पाहतो. मुंबईच्या कॉरोनरवरील लाचेच्या आरोपाचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एका डॉक्टरच्या परवानगीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडून पोलिसांनी कॉरोनरचे बोलणे टिपले होते. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची, म्हणजे ज्याच्या फोनला यंत्र जोडले त्याची, संमती होती हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३ वे कलमही संगणकाच्या ‘मालकाच्या किंवा ताबेदाराच्या’ परवानगीविषयी बोलते. परवानगीशिवाय संगणकात शिरणारा दोषी. पण मालकच आपल्या संगणकात शिरला, तर हे कलम कर्मचाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो मर्यादित करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. ढेकूण मारायला घर जाळू नये, असे घरगुती भाषेत म्हणता येईल. मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध असतात, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला हा निकाल जितका जवळचा, तितका खाजगी कंपनीतील अभियंत्याला नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा दोघांनाही लागू होईल, पण त्याच्या ७ व्या कलमाने मालकाला बरीच सवलत दिली आहे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा संस्थेचे नुकसान आणि गुपितांची चोरी टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. ही सवलत किती ताणली जाईल, ते खटले उभे राहतील तेव्हा ठरेल. तोपर्यंत बाहेरच्या न्यायालयांनी काय विचार केला तो पाहणे उपयोगी आहे.

रुमानियातील बार्बुलेस्कू नावाच्या अभियंत्याने ग्राहकांना उत्तरे देण्यासाठी कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरवर खाते उघडले होते. खाजगी वापरास कंपनीची बंदी होती, आणि तो नियम त्याला माहीत होता. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्याचे संदेश टिपून ४५ पानांचा उतारा त्याच्यापुढे ठेवला. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी केलेले अगदी घरगुती बोलणे होते. नोकरी गेली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१७ मध्ये अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. मालकाने लक्ष ठेवूच नये असे न्यायालय म्हणाले नाही. लक्ष ठेवले जाईल, किती आणि कोणत्या प्रकारचे, हे आधी सांगितले होते का? नुसती वापराची नोंद पुरत असताना मजकूर वाचण्याची गरज काय होती? याहून सौम्य उपाय नव्हता का? हे प्रश्न रुमानियातील न्यायालयांनी नीट विचारले नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. आपली फोनशेजारची वही आणि त्यात नसलेला रकाना यांतला फरक न्यायालयाने नेमका पकडला आहे.

कॅनडातला खटला तर शाळेतलाच आहे. ऑन्टारियो प्रांतातील एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या दोन शिक्षिका कामाच्या ठिकाणी होणाऱ्या मनस्तापाची टाचणे एका सामाईक ऑनलाइन दस्तऐवजात लिहून ठेवत. दस्तऐवज त्यांच्या खाजगी गूगल खात्यात होता, शाळेच्या यंत्रात नव्हता. अशी काही टाचणे आहेत हे मुख्याध्यापकांच्या कानावर आले होते, आणि तांत्रिक विभागाला शोधूनही ती सापडली नव्हती. एके दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक काही साहित्य परत ठेवायला वर्गात गेले. शिक्षिका तिथे नव्हती. शाळा मंडळाचा लॅपटॉप उघडा होता. त्यांनी त्याच्या माउसपॅडला बोट लावले, आणि समोर तोच दस्तऐवज उघडला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मोबाइलने पडद्याचे फोटो काढून घेतले. दोघींना लेखी ताकीद मिळाली.

लवादाने मंडळाची बाजू उचलून धरली. लॅपटॉप मंडळाचा, तो उघडा टाकला शिक्षिकेने, मग तक्रार कशाची? प्रकरण चढत चढत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २१ जून २०२४ रोजी निकाल लागला. सरकारी शाळा मंडळ हे शासनाचाच भाग असल्याने तेथील शिक्षकांना अवाजवी झडतीपासून घटनेचे संरक्षण आहे, आणि लवादाने तो हक्क विचारातच घेतला नाही, असे न्यायालयाने सांगितले. यंत्राच्या मालकीबद्दल त्या न्यायालयाने २०१२ मध्येच, शाळेच्या लॅपटॉपच्या दुसऱ्या एका प्रकरणात, भूमिका घेतली होती. मालकी हा एक मुद्दा आहे, निर्णायक मुद्दा नव्हे. मुख्याध्यापकांना दुष्ट ठरवण्याची गरज मला दिसत नाही. शाळेतले वातावरण बिघडते आहे ही त्यांची काळजी खरी असेल. पण टेबलावर राहिलेली डायरी शाळेच्या टेबलावर आहे म्हणून चाळायची नसते, हे आपण मुलांनाही सांगतो.

हे निकाल आपल्या न्यायालयांना बांधील नाहीत. पण शाळेला त्यांतून एक साधी गोष्ट उचलता येईल, आणि तिला एक पैसा खर्च नाही. संगणकाशेजारी मराठीत एक पानाची सूचना लावावी. या यंत्रावर कोणत्या नोंदी राहतात, त्या कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवल्या जातात, पडद्याची छायाचित्रे घेतली जातात की नाही, आणि एखाद्याची फाइल उघडायची वेळ आली तर ती कोणाच्या समक्ष उघडली जाईल, एवढे तिच्यावर हवे. प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे. शिक्षकांनीही पगार, आजार, तक्रार आणि घरचे व्यवहार यांसाठी शक्यतो आपले यंत्र वापरावे, आणि नाइलाजाने शाळेचे वापरले तर उठताना खात्यातून बाहेर पडावे. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लिहून ठेवायची असेल, तर ती चारचौघांना पासवर्ड ठाऊक असलेल्या संगणकावर मुळीच लिहू नये. तिथे प्रश्न आपल्या गुपिताचा नसतो, त्या मुलाचा असतो.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेता येईल. शाळेच्या संगणकावर एखाद्या बँकेचे संकेतस्थळ नुसते उघडावे, खात्यात शिरू नये. पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या, किंवा नव्या ब्राउझरमध्ये दोन सरकपट्ट्यांच्या, चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र उघडावे आणि ते कोणी दिले आहे ते नाव फळ्यावर लिहावे. मग तेच संकेतस्थळ घरच्या संगणकावर मोबाइलच्या जाळ्यावरून उघडून तेथील नाव शेजारी लिहावे. दोन्हीकडे प्रमाणपत्रे देणाऱ्या एखाद्या नामांकित कंपनीचे नाव आले, तर वाटेत पाकीट उघडले जात नाही असे धरायला हरकत नाही. शाळेच्या संगणकावर मात्र संस्थेचे, ठेकेदाराचे किंवा विषाणूरोधक प्रणालीचे नाव दिसले, तर पाकीट कुठेतरी उघडून पुन्हा बंद केले जाते आहे. ते नाव कसे आले आणि कशासाठी, हे संगणक बसवून देणाऱ्या माणसाला वर्गात बोलावून मुलांनाच विचारू द्यावे.